शहराची घाण आणि गांवाची हद्द

ठाणें शहराच्या पूर्वेस, आगगाडीचे रूळ आणि खाडी यांच्या मध्यें, कोपरी ही वस्ती आहे. तिच्या दक्षिणेस मुंबई महापालिकेची हद्द लागते. या हद्दीपलीकडे, मुलुंडच्या बाजूस, मुंबई महापालिकेनें १९६७ सालीं कचरा टाकण्यास आरंभ केला आणि १ ऑक्टोबर २०१८ रोजीं तें टाकणें बंद केलें. मध्यंतरींच्या पन्नासएक वर्षांत सुमारें २४ हेक्टर जमिनीवर ७० लाख टन कचऱ्याचा डोंगर उभा राहिला. डोंगर मुंबईचा; त्यांतून निघणारा धूर व दुर्गंधी मात्र वाऱ्याची मर्जी फिरेल तशी कोपरीकरांच्या घरांत शिरे. कोपरीचा रहिवासी कर भरतो तो ठाण्यास, आणि मत देतो तेंहि ठाण्यास. ज्यांनीं हा डोंगर रचिला त्यांस तो ना कर देई ना मत. आणि म्हणून त्याच्या तक्रारीची किंमत त्यांच्या लेखीं तेवढीच. आनंदनगरच्या नाक्यावर गाड्या अडवून पैसे घेण्याची व्यवस्था पुष्कळ वर्षें चालली. धूर अडविण्याची व्यवस्था कोणत्याच नाक्यावर नसते.

हा दाखला आम्ही प्रथम घेतला तो जुनें रडगाणें पुन्हां आळविण्यासाठीं नव्हे. लोकनियुक्त संस्थेची जबाबदारी, जबाबदारी म्हणून ज्या गोष्टीचा व्याख्यानांतून एवढा गौरव होतो, ती अखेरीस एक प्रकारची भीति आहे. ज्याचें मत आपणांस पुन्हां मागावयाचें आहे त्याच्या दारांत घाण टाकण्यास सभासद भितो. ज्याचें मत आपणांस कधींच मागावयाचें नाहीं त्याच्या दारांत ती टाकण्यास त्याला भिण्याचें कारण नाहीं. एवढी एक गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे ठाणें जिल्ह्यांतील कचऱ्याचा सगळा भूगोल उलगडतो. कचरा नेहमीं हद्दीकडे सरकतो. हद्दीवर जागा उरली नाहीं म्हणजे हद्दीपलीकडे जातो. आणि पलीकडे जें कोणतें खेडें प्रथम लागेल तेथें जाऊन बसतो. यास नगररचनेचें शास्त्र असें मोठें नांव देण्याची कांहींएक गरज नाहीं. पाणी उताराकडे वाहतें तशी ही घाण दुबळ्याकडे वाहते, इतकेंच.

कोपरीकरांचें दुःख मुंबईनें निर्माण केलें. पण कोपरी ज्या ठाणें महापालिकेंत मोडते त्या महापालिकेनें त्यापासून काय बोध घेतला? तिनें प्रथम आपल्या हद्दीच्या अगदीं टोकास असलेलें दिवा गांठलें. दिव्यास वस्ती गरिबांची आणि दाट; आगगाडीच्या गर्दीपलीकडे या गांवाची आठवण शहरास क्वचितच होत असे. तेथें वर्षानुवर्षें उघड्यावर कचरा पडला, तो वेळोवेळीं पेटला, खाडीकांठचीं तिवरें त्याखालीं दडपलीं, आणि त्याच्या कडेनें माणसें संसार करीत राहिलीं. लोकांचा संताप वाढला तेव्हां २०२३ च्या आरंभीं दिव्यांत कचरा टाकणें थांबलें. ही गोष्ट चांगली झाली. पण दिव्यांतून उठलेला कचरा गेला कोठें? तो गेला भंडार्लीस.

भंडार्ली हें शीळफाट्याच्या परिसरांतील चौदा गांवांपैकीं एक. या चौदा गांवांची कथा ऐकण्यासारखी आहे. तीं पूर्वीं नवी मुंबई महापालिकेंत घातलीं होतीं; लोकांनीं आग्रह धरला म्हणून २००७ सालीं बाहेर काढलीं; पुढें सोयी होईनात म्हणून लोकांनींच उलट मागणी केली, आणि मार्च २०२२ मध्यें विधानसभेंत तीं पुन्हां नवी मुंबईंत घेण्याची घोषणा झाली. याप्रमाणें हीं गांवें घरचीं ना घाटचीं अशा स्थितींत असतां, ज्या ठाणें महापालिकेशीं त्यांचा ना पूर्वीं संबंध होता ना पुढें येणार होता, तिचा कचरा त्यांच्या वाट्यास आला. जागा भाड्यानें घेतली. व्यवस्था तात्पुरती आहे असें सांगण्यांत आलें. गांवकऱ्यांनीं विरोध केला, आणि अखेर त्या विरोधामुळें तें काम बंद करावें लागलें. पण तात्पुरतें या शब्दाची आमच्या कारभारांत अशी कांहीं ख्याति आहे कीं, तो उच्चारतांच शहाणा माणूस पिढ्यांचा हिशेब करूं लागतो. दिव्यांत काय कोणी कायमचें म्हणून आरंभ केला होता?

भंडार्ली सुटली तेव्हां दृष्टि भिवंडी तालुक्यांतील आतकोलीकडे वळली. सरकारनें तेथील जमीन ठाणें महापालिकेस देऊं केली. तिकडे मुंबईनेंहि आपली दृष्टि जिल्ह्याच्या आंत आणखी लांब टाकिली: हाजी मलंगच्या डोंगराजवळ, अंबरनाथ तालुक्यांत, करवले म्हणून गांव आहे, तेथील जमीन मुंबईच्या कचऱ्यासाठीं ठरविण्यांत आली, आणि त्या भूमीवर राहणाऱ्या आदिवासींस प्रथम तेथून उठविण्याचा प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या बाजारांत कोणती वस्तु कितीस मिळते हें ज्या माणसानें कधीं पाहिलें नाहीं, त्यानें त्या वस्तूच्या वेष्टणासाठीं आपली जागा सोडावी, असा हा न्याय आहे. हा प्रकार केवळ ठाणें जिल्ह्याचा आहे असेंहि नाहीं. पुण्याच्या कचऱ्यानें उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गांवांच्या विहिरी नासल्या. तेथील लोक रस्त्यावर बसले, गाड्या अडविल्या, आश्वासनें मिळविलीं. २०१७ सालीं तीं गांवें महापालिकेंत घेतलीं, आणि थोड्याच वर्षांत त्यांस बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचें ठरलें. गांव आंत येवो कीं बाहेर जावो, कचरा आपल्या जागीं अढळ!

हद्दीचा हा खेळ कल्याण-डोंबिवलीकडील सत्तावीस गांवांइतका दुसऱ्या कोणीं पाहिला नसेल. १९८३ सालीं महापालिका झाली तेव्हां तीं आंत. २००२ सालीं बाहेर. १ जून २०१५ रोजीं पुन्हां आंत. मार्च २०२० मध्यें त्यांतील अठरा गांवें बाहेर काढून त्यांची नगरपरिषद करण्याची अधिसूचना निघाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत उच्च न्यायालयानें ती रद्द केली. एका पिढीच्या आयुष्यांत माणसानें चारदां घर बदललें तर त्याच्या सामानाचे काय हाल होतात हें घरंदाज गृहिणीस विचारावें. येथें तर सामान म्हणजे शाळा, पाण्याच्या वाहिन्या, रस्ते आणि करांचीं दप्तरें. ज्या संस्थेनें रस्ता खणला ती भरावयास राहिली नाहीं; ज्या संस्थेनें कर वाढविला तिनें नळ दिला नाहीं; आणि विचारावयास जावें तर प्रत्येकजण म्हणणार कीं, हा विषय आमच्या आधींचा. वारंवार हद्द बदलणें हें जबाबदारी चुकविण्याचें सर्वांत सभ्य साधन आहे. कारण त्यांत कोणीहि खोटें बोलत नाहीं. प्रत्येकाचा कागद खराच असतो, फक्त तो दुसऱ्याच्या कारकीर्दीचा असतो.

आतां पैशाची बाजू पाहूं. कचरा गांवाकडे जातो तर पैसा कोणीकडे जातो? एकोणिसाव्या शतकांत मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकलफंड म्हणून घेतला जाऊं लागला. रस्ते आणि शाळा यांसाठीं तो आहे असें शेतकऱ्यास सांगण्यांत आलें. त्या पैशाचें चीज शेतकऱ्याच्या पदरांत पडत नाहीं हें गाऱ्हाणें जोतीराव फुले यांनीं १८८३ च्या सुमारास लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत वेशीवर टांगलें. त्याच्या आदल्याच वर्षीं, मे १८८२ मध्यें, लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला होता. म्हणजे स्थानिक पैशाचा हिशेब स्थानिक लोकांस द्यावा ही गोष्ट आमच्या देशांत कांहीं काल-परवांची नाहीं. स्वराज्यांत, १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींस घटनेंत स्थान मिळालें. चौदाव्या वित्त आयोगानें २०१५ ते २०२० या पांच वर्षांसाठीं देशांतील ग्रामपंचायतींस दोन लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम नेमून दिली. पंधराव्या आयोगानें २०२१ ते २०२६ या काळासाठीं ग्रामीण संस्थांस २,३६,८०५ कोटी रुपये ठरविले; महाराष्ट्रांत त्यांतील ८० टक्के ग्रामपंचायतींस आणि उरलेल्यांपैकीं निम्मे निम्मे पंचायत समितीस व जिल्हा परिषदेस, अशी वांटणी झाली.

रकमा मोठ्या आहेत, आणि त्यांबद्दल सरकारास दोष देण्याची आमची इच्छा नाहीं. पण या पैशास लाविलेल्या दोऱ्या पाहाव्या. पंधराव्या आयोगाच्या अनुदानापैकीं ६० टक्के पैसा बांधील: अर्धा स्वच्छतेसाठीं, अर्धा पाण्यासाठीं. हिशेब तपासून लोकांस पाहतां येईल असा ठेविला पाहिजे. २०२० सालापासून ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च सरकारी संकेतस्थळावर चढवावा लागूं लागला. दहावी शिकलेला पोरगाहि मोबाइलवर पाहून सांगूं शकतो कीं, आपल्या गांवीं गटारावर किती पैसे पडले. शिवाय निवडून आलेली पंचायत जाग्यावर नसेल तर अनुदान अडकतें. या सर्व अटी आम्हांस योग्य वाटतात. सरपंचानें पैसे खाल्ले तर त्याला विचारलेंच पाहिजे.

परंतु ज्या गांवानें गटाराच्या प्रत्येक नळीचा हिशेब चढवावयाचा, त्याच गांवाच्या शिवारांत शहरानें रोज किती टन कचरा ओतला, त्यांतून झिरपणारें काळें पाणी कोणत्या ओढ्यास मिळालें, जागेचें भाडें कोणास दिलें, कराराची मुदत कधीं संपते, हें कोणत्या संकेतस्थळावर कोणीं चढवावयाचें? गांवाचा स्वच्छतेचा निधि आणि शहराची घाण एकाच शिवारांत एकमेकांस भेटतात. निधीस हिशेब आहे, घाणीस नाहीं. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें अशी म्हण आहे. येथें तर आंधळ्यानें दळलेल्या पिठाची पावती मागतात, आणि कुत्र्यास कोणी हाडहि म्हणत नाहीं.

निवडणुकीची अट तर याहून मौजेची. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्यें संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्यें. पुढें कित्येक वर्षें दोन्हीं ठिकाणीं निवडणूक न होतां प्रशासकाचा कारभार चालला. दिव्याचा कचरा भंडार्लीस गेला तो याच काळांत. म्हणजे भंडार्लीकरास ठाण्यांत मत नव्हतेंच. पण त्या वेळीं ठाणेंकरासहि ठाण्याच्या सभागृहांत बोलणारा कोणी नव्हता. निवडून आलेले सभासद नसतील तर अनुदान मिळण्यास अडचण येते. दुसऱ्याच्या गांवांत कचरा पाठविण्यास कांहीं अडचण येत नाहीं. पैसा घेण्यास लोकशाही हवी आणि घाण टाकण्यास नको, असा हा भेद कोणत्या घटनाकारांच्या मनांत होता तें आम्हांस कोणीं तरी समजावून द्यावें.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें भाग आहे. कोपरी-पांचपाखाडी या मतदारसंघाचे प्रतिनिधि श्री. एकनाथ शिंदे हे २०१९ च्या अखेरीपासून राज्याचे नगरविकासमंत्री होते आणि जून २०२२ पासून २०२४ च्या अखेरीपर्यंत मुख्यमंत्री होते. व्यक्तीवर तोंडसुख घेण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. उलट आमचें म्हणणें असें कीं, ज्या शहराच्या घरांत राज्याची सर्वोच्च सत्ता नांदली त्याहि शहरास आपल्या कचऱ्यासाठीं शेजारचें खेडें शोधावें लागलें, यावरून हा रोग एका माणसाच्या इच्छेनें झालेला नाहीं व एका माणसाच्या इच्छेनें जाणाराहि नाहीं हें उघड होतें. तथापि ज्याच्या हातांत औषधाची पेटी होती त्यास रोग्याविषयीं विचारणें हा शिष्टाचाराचा भंग खास नव्हे.

न्यायालयांनीं विचारलें नाहीं असें नाहीं. नागरी घनकचऱ्याचे पहिले नियम २००० सालीं झाले व त्यांतील बहुतेक कामांस २००३ अखेरची मुदत होती. ती येऊन गेली. एप्रिल २०१५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें कल्याण-डोंबिवलींत नव्या बांधकामास परवानगी देण्यावर बंदी घातली; कारण, महापालिकेजवळ कचऱ्याची कायदेशीर व्यवस्थाच नव्हती. ही बंदी जवळजवळ वर्षभर राहिली. ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानें, २०१६ च्या नियमांप्रमाणें कचऱ्याचें धोरणच ठरविलें नाहीं म्हणून, महाराष्ट्रासह कांहीं राज्यांतील बांधकामें थांबविण्याचा हुकूम केला. आणि सप्टेंबर २०२२ मध्यें राष्ट्रीय हरित लवादानें सांडपाणी व घनकचरा यांच्या दुर्व्यवस्थेबद्दल महाराष्ट्र राज्यास सुमारें १२,००० कोटी रुपयांची भरपाई ठोठावली.

त्या रकमेचा पुढील न्यायालयीन वाद हा वकिलांचा विषय आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. असा दंड जेव्हां जेव्हां होतो तेव्हां तो कोणाच्या खिशांतून निघतो? राज्याच्या तिजोरींतून. तिजोरी कोणाची? ज्यांनीं धूर गिळला त्यांचीच. दिव्याची बाई मीठ-मिरची घेतांना जो कर देते त्यांतून दिव्याच्या धुराचा दंड भरावयाचा. आणि ज्या अधिकाऱ्यानें, ज्या मंत्र्यानें, ज्या स्थायी समितीनें वीस वर्षें मुदती उलटूं दिल्या त्यांच्या पगारपत्रकावर वा पेन्शनीवर एक ओरखडा नाहीं. चोर सोडून संन्याशाला फांशी देणें हें तरी निदान चुकून होतें. येथें तर ज्याच्या घरीं चोरी झाली त्यासच दंड करून तो वसूल केल्याबद्दल कायद्याचा विजय झाला म्हणावयाचें.

यावर कारभारी मंडळींचें एक ठराविक उत्तर आहे: शहर वाढतें, कचरा रोज निघतो, तो कोठें तरी टाकलाच पाहिजे, मग लोकहितासाठीं एखाद्या गांवानें थोडें सोसूं नये काय? या उत्तरांतील पहिला भाग खरा आहे म्हणूनच त्याचा दुसरा भाग खपतो. वस्तुतः टाकावयाचा तो सगळा कचरा नव्हेच. ओला निराळा आणि सुका निराळा दारांतच घेतला तर टाकण्याजोगें फार थोडें उरतें, हें वेंगुर्ल्यासारख्या लहान नगरपरिषदेनें करून दाखविलें; तेथील कचराभूमि पाहावयास बाहेरगांवचे लोक जाऊं लागले. तेथें मुख्याधिकारी असलेले श्री. रामदास कोकरे पुढें कल्याण-डोंबिवली महापालिकेंत उपायुक्त म्हणून आले. मे २०२० मध्यें तेथें वेगवेगळा कचरा घेण्याचा नियम कसोशीनें सुरू झाला, आणि बरोबर एका वर्षानें, मे २०२१ मध्यें, खाडीकांठचें तें कुप्रसिद्ध आधारवाडीचें मैदान बंद झालें. ज्या आधारवाडीच्या आगींनीं कल्याणकरांचे उन्हाळे काळे केले तिचा प्रश्न सुटणें अशक्य आहे असें आम्ही वर्षानुवर्षें ऐकत आलों होतों! न्यायालयानें बांधकाम अडविलें, बिल्डरांच्या पोटास चिमटा बसला, आणि सहा वर्षांत अशक्य तें शक्य झालें.

कल्याणचें सर्व कांहीं सोन्यासारखें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. तेथील कचरा उंबर्डे आणि बारावे येथील प्रकल्पांकडे वळला, आणि त्यांच्या शेजाऱ्यांनींहि तक्रारी केल्या. पण बारावें हें महापालिकेच्या हद्दींत आहे. तेथील रहिवाशी त्याच महापालिकेस कर देतो, आणि निवडणूक होईल तेव्हां त्याच्या दारीं कोणास तरी हात जोडून उभें राहावें लागतें. भंडार्लीकर, करवल्याचा आदिवासी आणि आतकोलीचा शेतकरी यांच्या दारीं त्यासाठीं कोणी येणार नाहीं.

तेव्हां निदान इतकें तरी सरकारनें करावें. एका संस्थेचा कचरा दुसऱ्या संस्थेच्या हद्दींत नेण्यापूर्वीं त्या गांवच्या ग्रामसभेचा ठराव झाला पाहिजे. जिल्हाधिकाऱ्याची चिठ्ठी किंवा सरपंचाची एकट्याची सही म्हणजे ठराव नव्हे. येणाऱ्या प्रत्येक टनामागें ठराविक रक्कम त्या ग्रामपंचायतीच्या खात्यांत जमा व्हावी. ती देणगी म्हणून नव्हे, पुढाऱ्यांच्या हस्तें धनादेश देऊन फोटो काढण्यासाठीं नव्हे, तर दामाजीच्या हिशेबानें, महिन्याच्या महिन्यास. आणि गांवाचा खर्च जेथें चढतो त्याच पानावर शहरानें पाठविलेल्या टनांचा, भाड्याचा व पाण्याच्या तपासणीचा आंकडा चढावा, म्हणजे तोच दहावी शिकलेला पोरगा तोहि वाचील. रक्कम पुरेशी जड ठेवली तर शहरांस आपल्या स्वयंपाकघरांतच ओला-सुका निराळा करण्याची बुद्धि फार लवकर सुचेल. बुद्धीचा आणि खिशाचा संबंध कल्याणास आम्ही पाहिलाच आहे. दंडाविषयीं, ज्या पदाधिकाऱ्याच्या कारकीर्दींत मुदत उलटली त्याचें नांव निकालपत्रांत यावें आणि कांहीं अंश त्याच्याकडून वसूल व्हावा. एकदां जरी असें झालें तरी पुढच्या मुदतींस कारभारी घड्याळ लावून बसतील.

ग्रामसभेनें ठराव नाकारला तर काय, असें कोणी विचारील. नाकारला तर शहरानें तो कचरा आपल्या हद्दींत ठेवावा. आतकोलीच्या जमिनीचे कागद सरकारदरबारीं तयार झाले आहेत. त्यांवर किती टन, किती वर्षें आणि गांवास काय, या तीन जागा भरल्या आहेत कीं कोऱ्या आहेत, हें ठाणें महापालिकेनें पहिली गाडी निघण्याच्या आधीं आतकोलीच्या चावडीवर मराठींत लावून दाखवावें.